भाऊजींची दुसरी

नळावर माझ्या कानावर आलं ते अर्धंच, "कुंदाच्या नवऱ्याची म्हणे आर्णीले दुसरी..." तेवढ्यात कुंदाच हंडा घेऊन आली आणि बाया गप्प झाल्या. शेजारधर्म म्हणून मीच तिला ते सांगितलं. ती माहेरी जायला पिशवी भरू लागली, तेव्हा मीच तिला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, समुपदेशनवाल्या ताईंकडे नेलं. त्या घरचं भांडण आणि घरचा खर्च एकाच बैठकीत सोडवतात. मला त्यांनी बाहेर बसवलं, पण खिडकी उघडी होती.

ताई म्हणाल्या, "भांडण मागून सांगा. आधी सांगा, घरात पैसा कुठून येतो?"

 भाऊजी म्हणाले, "कापूसच येऊन नाही राह्यला, जिनिंगची गिरणी बंद पडली, माही नोकरी गेली. दिवाळीपासून आर्णीले कापडाच्या दुकानात जातो."

"मंग दुसरी कोण?" कुंदानं विचारलं.

"दुसरी नोकरी वो! तुले सांगाले लाज वाटे."

"अन् मी पिशवी भरली तवा नाही वाटली?"

ताईंनी दोघांपुढे एकच वही ठेवली. "आता या पगारात महिना कसा काढायचा, ते मिळून लिहा."

संध्याकाळी नळावर मीच खुलासा केला. भाऊजींची दुसरी आहे खरी, पण पगार पहिलीच्या निम्मा आहे.