दाढ आणि दहावी संकष्टी

(मुलुंडमधलं दोन खोल्यांचं घर. दुपारचे अडीच. अनुपमाचं बाळ नुकतंच झोपलंय, मोठी जया जागी आहे. शांततेत मोरीकडून सासूच्या डबीचं झाकण वाजतं, टक्.)

अनुपमा : आई, मिसरी खाली ठेवा.

वनमाला : वास घेत होते गो नुसता.

अनुपमा : वाससुद्धा नको. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना, दाढ काढायच्या आधी नाही नि नंतरही नाही. जखम भरत नाही मग.

वनमाला : चाळीस वर्षं लावतेय. मिसरीवरच टिकली ही दाढ.

अनुपमा : टिकली म्हणून तर उपटायला चाललोय! बघू गाल. सकाळपेक्षा सुजलाय.

जया : आजी एका बाजूनं मारुती दिसते.

वनमाला : गप गो चेडवा.

अनुपमा : चारला पाच रस्त्याच्या दवाखान्यात पोचायचंय. चिठ्ठी वाचते, ऐका. जेवून यावे. रोजच्या गोळ्या चुकवू नयेत, पाकिटं सोबत आणावीत... आई, प्रेशरची गोळी घेतलीत?

वनमाला : घेतली असेल.

जया : नाही घेतली. आजीनं सकाळचा चहापण मोरीत ओतला. मी बघितलं.

अनुपमा : आई! आणि जेवले म्हणालात मला!

वनमाला : तू छोटीला पाजत होतीस, तुला कशाला उठवायचं... संकष्टी आहे आज.

अनुपमा : मग केळं खा, दूध घ्या. नाही कोण म्हणतं?

वनमाला : ही तसली नाय. चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाय.

अनुपमा : हे कधीपासून?

वनमाला : छोटी काचेच्या पेटीत होती ना, तेव्हापासून. तू आत खाटेवर, मी बाहेर बाकड्यावर. नर्स म्हणाली, आजी, फार आशा ठेवू नका. तेव्हा बोलले मी गणपतीशी. पोर घरी येऊ दे, अकरा संकष्ट्या कोरड्या करीन. ही दहावी.

अनुपमा : नऊ केल्यात? मला कळूही न देता?

वनमाला : कळलं असतं तर तूही धरली असतीस. दूध आटलं असतं पोरीचं.

अनुपमा : (डोळे पुसते.)

वनमाला : आता डोळे कशाला पुसतेस? जाऊ चल. होईल नीट.

अनुपमा : नाही होणार. गेल्या गुरुवारी प्रेशर चढलं म्हणून परत पाठवलं. आज उपाशी, त्यात गोळी नाही. खुर्चीतच चक्कर याल. आणि परत पाठवलं तर पू गळ्यात उतरेल, बाई स्पष्ट बोलल्यात.

वनमाला : नि नवस मोडला, छोटीला काय झालं तर?

अनुपमा : आई, गणपतीला दात किती?

वनमाला : एक. दुसरा तुटलेला.

अनुपमा : मग दाताचं दुखणं काय असतं ते त्याला आपण समजावायचं?

वनमाला : मेले, हसवू नको! दुखता गो!

अनुपमा : बसा. दूधभात कालवलाय, मऊ. ही संकष्टी पुढे ढकला, एक जास्त करा शेवटी. तोवर छोटीचं अंगावरचं पिणं कमी होईल. ती एक मी धरीन तुमच्याबरोबर. आ करा.

वनमाला : मी काय कुकुली आहे? दे ती वाटी.

अनुपमा : बाळंतपणात मला कोणी भरवलं? टाक्यांनी उठवत नव्हतं. साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही मी.

वनमाला : घरात कोण थँक्यू म्हणता?

अनुपमा : म्हणूनच म्हणत नाहीये. आ करा. उजवीकडून चावा.

वनमाला : मीठ घातलं नाहीस.

अनुपमा : आता ही गोळी. आणि दाढ काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरायचा. बोलायचं नाही.

जया : अर्धा तास? आजीनं?

वनमाला : हिला शेजारी मालनकडे बसव गो. छोटीबरोबर.

अनुपमा : सांगून ठेवलंय मालनताईंना. जया, आजीच्या चपला काढ.

जया : काढते. आई, छोटीसाठी आजीनं उपास धरला ना?

अनुपमा : हो गं.

जया : मग आज आजीसाठी कोणी धरलाय?