तीन तारे दिसेपर्यंत

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या आम्हा ज्यूंच्या विश्रांतीत, मशीनला हात लावायचा नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या पप्पांनी एका शनिवारी काय केलं ते ऐका आणि तुम्हीच सांगा.

अश्दोद बंदराच्या भंगारातून मी फ्रिजएवढा जुना मिनिकॉम्प्युटर घरी आणला होता. जुनी मशीनं दुरुस्त करणं, शाळा सोडल्यापासून मला एवढं एकच काम धड जमतं. कपॅसिटर बदलले, बोर्डांवरचा गंज काढला, तरी कित्येक महिने मशीन मेलेलंच. मग एका शुक्रवारी संध्याकाळी ते अचानक उठलं. पडद्यावर सूचना आली, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "शब्बाथचे दिवे लावले हं!"

"पप्पा, एकच बटण!"

"शब्बाथ लागला. हात लावू नकोस."

"मग मला ते बंदही करता येणार नाही."

"नको करूस. बिचारं काय खातंय?"

त्याचे पंखे विमानासारखे घोंघावत राहिले. रात्री जेवणाआधीची किद्दुशची प्रार्थना पप्पांना ओरडून म्हणावी लागली. शनिवारी दुपारी त्यांचा डोळा लागेना. मला मात्र एकच धास्ती, संध्याकाळपर्यंत हे टिकेल ना?

टिकलं. अंधार पडताना मी बटणावर बोट रोखून उभा, आणि पप्पा बाल्कनीच्या दाराशी आकाशात तारे शोधत; तीन दिसले की शब्बाथ संपतो.

"एक... दोन... तो बघ, तिसरा! संपला शब्बाथ!"

मी बोट टेकवणार, तोच पडदा काळा झाला. घर एकदम शांत.

पप्पांच्या हातात दाराजवळून उपटलेला मशीनचा प्लग होता.

"शावुआ तोव," ते नव्या आठवड्याच्या शुभेच्छा देत म्हणाले. "आता दाब हवी तेवढी बटणं."