गाळून काढलेला आवाज

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या जलशुद्धीकरण केंद्राचे मुख्य अभियंता साहेब. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, मुख्य प्रयोगशाळेच्या संचालिका बाई. कर्मचारी संघटनेचे सचिव. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे भाऊजी. पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच माझ्याकडे संशयाने बघणारी माझी ताई. आणि भाषणं लांबणार हे ओळखून पंख्याखालच्या जागा आधीच धरून बसलेले सुज्ञ श्रोतेहो,

कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. आधीच्या वक्त्यांनी भाऊजींच्या कामाबद्दल सगळं सांगितलं. त्यांच्या कारकिर्दीत या शहराने गढूळ पाण्याचा पेला पाहिला नाही, असं साहेब म्हणाले. ते खरंच असणार. माझ्यापुढे प्रश्न असा, की कुटुंबाने आणखी काय बोलायचं? कौतुक करावं तर ते संपलेलं आहे. मग मी विचार केला, जे इथे कुणीच बोलणार नाही ते आपण बोलावं. मला या माणसाचा हेवा वाटतो. आज वाटतो असं नाही, पहिल्या दिवसापासून वाटत आला आहे.

ताई, डोळे वटारू नकोस. साहेबांनी मला वेळ दिला आहे.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय, की ते?" माझं आयुष्य या एका प्रश्नावर गेलं. भाऊजींचं गेलं पाण्याकडे बघण्यात. स्वच्छ दिसावं ही दोघांचीही भाकरी. आमचं किती छान जमायला हवं होतं, नाही का?

लग्न ठरायच्या आधी हे आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हाची गोष्ट. आईने पाणी पुढे केलं. यांनी पेला घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, तळाशी काही आहे का ते पाहिलं आणि मग प्यायले. मला वाटलं, संपलं, आता आई यांना दारापर्यंत पोचवून येणार. आमच्या घरच्या पाण्याची तपासणी? आई मात्र आत येऊन मला म्हणते, "बघ, माणूस किती नीटनेटका आहे." त्याच खिडकीत मी भिंगं पुसून उजेडात धरायचो, तेव्हा ही माउली म्हणायची, "बाजूला सरक, अंधार येतोय."

तेव्हापासून हे असंच. नळ गळला, भाऊजींना विचार. भाच्याला कुठल्या शाळेत घालायचं, भाऊजींना विचार. घरात चष्म्याचं दुकान असणारा एक मुलगा आहे, आणि आईने स्वतःच्या चष्म्याची काडी कुठली घ्यावी हे जावयाला विचारलं. मी ती बसवून दिली. काय करणार? काडी त्यांनी चांगली निवडली होती.

पण एक वस्तू माझ्याकडे होती जी त्यांच्याकडे नव्हती. कॅमेरा. चित्रण करणारा, छोट्या कॅसेटचा, डिजिटल. त्या काळी आमच्या गल्लीत तो एकच होता आणि तो माझ्या खांद्यावर होता. घरातलं काहीही असो, वाढदिवस, बारीकसं आजारपण, नवी सायकल, मी हजर. त्यामुळे झालं असं, की त्या सगळ्या कॅसेटमध्ये सगळे आहेत आणि मी कुठेच नाही. माझा आवाज तेवढा आहे. "इकडे बघा." "जरा सरका." "ताई, हस की." कॅमेरा माझ्या तोंडाशी, त्यामुळे माझा आवाज सगळ्यांत मोठा. बाकीचे माझ्या आवाजामागून कुठूनतरी बोलल्यासारखे.

पुढे कॅमेरा कपाटात गेला, कॅसेटही गेल्या. आई गेली. आणि गेल्या वर्षी, निवृत्ती जवळ आली तसं, भाऊजींनी घरच्या संगणकावर चित्रफिती सुधारण्याचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि मला म्हणाले, "मेहुणे, त्या कॅसेट द्याल का?"

मी दिल्या. कॅमेरा दिला, त्यातून संगणकात चित्र उतरवायची वायर शोधून दिली. तुम्हाला वाटेल काय हा मनाचा मोठेपणा. अहो, मला वाटलं यांची फजिती होईल. एक तरी गोष्ट अशी निघेल की जी यांना जमत नाही.

आणि सुरुवात फार आशादायक झाली. पहिली फीत त्यांनी एक्स्पोर्ट केली, म्हणजे दुरुस्त्या करून झाल्यावर टीव्हीवर लावता येईल अशी बाहेर काढली, आणि आम्ही सगळे बघायला बसलो. पडद्यावर आमचं आख्खं खानदान आडवं पसरलेलं. जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद पडद्याच्या मापात ताणलं गेलं होतं. ताई स्वतःला बघून म्हणाली, "मी एवढी कधी होते?" त्या आठवड्यात मला झोप फार गाढ लागली.

पण हा माणूस हात टेकणाऱ्यांतला नाही. माप सुधारलं. मग कुणी हात हलवला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा यायच्या, त्या गेल्या. दिव्यामुळे सगळं पिवळं दिसायचं, ते जाऊन भिंतीला भिंतीचा रंग आला. माझा हात हलायचा, त्यामुळे चित्र हलायचं. तेही थांबलं. बोटभर सुधारणा व्हायची आणि रात्रभर संगणक ते एक्स्पोर्ट करत बसायचा. सकाळी भाऊजी उठून चहाआधी ते बघायचे, पाण्याचा पेला बघतात तसं.

आणि मग कौतुक सुरू झालं. भाचा म्हणाला, बाबांनी कमाल केली. शेजारी म्हणाले, काय काम आहे. कामावरून, म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी, घरी येऊन बघून गेलं आणि म्हणालं, साहेबांनी सासूबाईंना परत आणलं. अहो, आणलं कुणी? ऊन लागलं तरी कॅमेरा धरून उभा कोण होता? कुणी विचारलंसुद्धा नाही. गिऱ्हाइकाच्या भिंगाला पॉलिश मारणाऱ्याचं नाव व्हावं आणि भिंग घासणारा दुकानाच्या मागे बसून राहावा, तशी माझी गत. पोटात दुखत होतं म्हणा, दुसरा शब्द नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी उभा आहे तो सांगतो.

ताई आणि भाऊजी या केंद्राच्या मागच्या वसाहतीत राहायला आले, त्या दिवसाचं चित्रण आहे. थोड्या वेळाने तुम्ही ते याच पडद्यावर बघणार आहात. रिकामी खोली, खोकी, गुंडाळलेल्या गाद्या. आई दाराशी उभी, हातात कापडी पिशवी. फीत तयार झाल्यावर घरी पडदे ओढून आम्ही ती बघितली. आई दाराशी येते, थांबते, सरळ आपल्याकडे बघते आणि विचारते, "तू जेवलास का रे?"

इतकं स्वच्छ, की आई खोलीतच उभी आहे असं वाटावं. भाच्याची बायको, जिने आईला कधी बघितलंही नाही, ती डोळे पुसत म्हणाली, "आजी मलाच विचारताहेत असं वाटलं." भाचा म्हणाला, "मलाही."

मी उठलो. म्हणालो, "माझा आवाज कुठे आहे?"

भाऊजी म्हणाले, "काढलाय. फार मोठा येत होता."

"मग तिने विचारलं कुणाला?"

"तुम्हाला."

"आणि मी दिलेलं उत्तर कुठे गेलं?"

भाऊजींनी फीत थांबवली. ताई म्हणाली, "अरे, किती सुंदर झालंय ते बघ ना. तुझं काय मध्येच?"

माझं काय मध्येच. श्रोतेहो, तुम्ही सांगा, ती खोलीभर माणसं माझ्या आईचा प्रश्न आपापल्यात वाटून घेत होती. जिला तिची ओळख नाही तिलाही एक वाटा. आणि ज्याला तो विचारला होता त्याला हिशोबातून वजा करून टाकलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चपला घातल्या आणि निघालो. मग बरेच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. ताईचे फोन आले. मी दुकानात गर्दी आहे म्हणायचो. दुकानात मी आणि आरसे.

शेवटी निरोप समारंभाची तारीख ठरली, ही फीत इथे दाखवायचं ठरलं, तेव्हा मी गेलो आणि अट घातली. कॅसेट माझ्या आहेत. माझा आवाज परत घाला, नाहीतर दाखवू नका.

ताई रागाने लाल. भाऊजींनी मात्र खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा. दोन्ही दाखवतो. तुम्हीच सांगा, हे बरं, की ते."

माझाच प्रश्न, आणि तोही मला विचारला.

आधी त्यांनी कॅसेटमधलं जसंच्या तसं लावलं. आई दाराशी येते, थांबते, ओठ हलतात. आणि त्यावर माझा आवाज, धरण फुटल्यासारखा. "आई, जरा उजेडात ये. पिशवी खाली ठेव." आईचं काही ऐकू येत नाही. एक अक्षरही नाही. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

मी म्हटलं, "हिचा प्रश्न कुठे आहे?"

"तुमच्या आवाजाच्या खाली," भाऊजी म्हणाले. "तो तुम्हाला तेव्हाही ऐकू आला नसणार."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एकावर एक पडलेले दोन आवाज वेगळे करणारी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा मोठा आवाज त्यांनी उचलून बाजूला काढला, तेव्हा खाली आई बोलत होती. ती तिथे बोलते आहे हे त्यांनाही आधी ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत? म्हणाले, "सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

मग त्यांनी तिसरं एक लावलं. त्यात चित्र नव्हतं. नुसता मी होतो. सगळ्या कॅसेटमधून काढून टाकलेला मी, एकामागून एक. "इकडे बघा." "जरा सरका." "ताई, हस की." काही शिंका. एकदा मी कुणालातरी हसतोय. इतका पोरसवदा आवाज, की दुकानात आला असता तर मी त्याला अहो-जाहो केलं नसतं.

मी म्हटलं, "हे कशाला ठेवलंत?"

इथे बसलेल्या प्रयोगशाळेतल्या मंडळींना त्यांचं उत्तर आधीच ठाऊक असेल. म्हणाले, "गाळून काय काढलं ते बघितल्याशिवाय मी पाणी पुढे सोडत नाही. कधी कधी कामाचं तिकडेच असतं."

त्या काढलेल्या आवाजात मी माझं उत्तर शोधलं. नव्हतं. भाऊजींनी कापलेलं नव्हतं, मी दिलेलंच नव्हतं. मी म्हणालो उजेडात ये, आणि ती आली. पिशवी खाली ठेव म्हणालो, तिने ठेवली. प्रश्न विचारल्यावर ती जरा वेळ थांबून माझ्याकडे बघते. पहिल्यांदा फीत बघताना तेवढ्या भागात संगीत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. बाकी सगळीकडे मागे बासरी आहे, इथे शुकशुकाट. मला बरंच वाटलं होतं, की चला, इथे संगीत घालायला विसरले. एक तरी चूक सापडली.

भाऊजी म्हणाले, "ती जागा तुमची आहे. तिथे काही घालावंसं वाटलं नाही."

आता मला सांगा, अशा माणसाचा हेवा करायचा नाही तर काय करायचं? माझ्या आईने मला विचारलेला प्रश्न माझ्याआधी जावयाने ऐकला. मी इतकी वर्षं त्या कॅसेट घेऊन बसलो होतो, मला ऐकू आला नाही. यांनी ऐकला, धुऊन पुसून ठेवला आणि माझ्यासाठी जागासुद्धा राखली. भांडायला म्हणून गेलो होतो, तर माझ्याकडे तक्रारही उरू दिली नाही. हेवा तेवढा उरला. तो मी घरी घेऊन आलो आणि आज इथे आणला आहे. निवृत्तीची भेट म्हणून तो त्यांनी स्वीकारावा. याहून खरं माझ्याकडे काही नाही.

तेव्हा ती फीत माझ्या आवाजाशिवायच दाखवली जाणार आहे. हे बरं की ते, याचं उत्तर मी दिलं. हे बरं.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. या केंद्रातल्या सहकाऱ्यांनी माझ्या ताईच्या संसाराला इतकी वर्षं सांभाळून घेतलं, त्याबद्दलही. बोलण्याच्या भरात सत्कारमूर्तींबद्दल कमीजास्त बोललो असेन, तर ते त्यांच्या सवयीप्रमाणे गाळून घेतीलच.

एक शेवटचं. आता दिवे मालवतील. आई दाराशी येईल आणि विचारेल. तुम्हालाही वाटेल की ती तुम्हाला विचारते आहे, वाटू द्या, माझी हरकत नाही. पण त्यापुढच्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एक आवाज येईल. "नाही गं, अजून नाही." ताई, सकाळी मी न जेवता ताटावरून उठलो तेव्हा तुला वाटलं मी पुन्हा रुसलो. तसं नव्हतं. आईला खोटं सांगायला नको, म्हणून उठलो.

कार्यक्रमात तेवढा व्यत्यय येईल, त्याची माफी मी आत्ताच मागून ठेवतो. नंतर मला बोलता येईल असं वाटत नाही.