गळाचं बूच

सखारामनं गळ उपसला की दोरा डोक्यावरून 'सूंऽऽ' करत जायचा. चाळीस वर्षांपूर्वी धरणाच्या काठावर ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दोऱ्याचं बूच पाण्यावर नखभर हललं तरी त्याला दिसायचं.

गेला महिनाभर मात्र रिकाम्या हातानं परत यायचा आणि म्हणायचा, "धरणात मासाच ऱ्हायला न्हाई."

परवा म्हणाला, "चल पौडाला, नवं बूच घ्यायचंय." माझे गुडघे नको म्हणत होते, तरी गेलो.

दुकानदारानं बोराएवढं बूच पुढं ठेवलं.

"ह्याच्याहून मोठं?"

त्यानं लिंबाएवढं काढलं.

"आनखी मोठं न्हाई का?"

"आजोबा, हे खाली वढायला मासा न्हाई, रेडा लागंल!"

"तू दाखव. शानपना नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मासा लागत होता, बूच बुडत होतं, यालाच ते दिसत नव्हतं. मी दमलो होतो. वाटलं, मित्राचं काम सोपं करावं. दुकानदाराला हळूच म्हणालो, "त्याला घुंगराचा गळ दे. मासा लागला की वाजतोय. बघाया लागत न्हाई."

सखारामनं ऐकलं. हातातलं बूच त्यानं जपून फळीवर ठेवलं.

"आरं, कान तरी शाबूत हायेत की तुझं," मी घाईनं म्हणालो.

पायानं पायरी चाचपत तो खाली उतरला आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागला.