शुशानचा ड्रॅगन

(त्येनजिन, १९३४. सोनार दुआनचं दुकान. समोर त्याच्या जुन्या मित्राची, शुशानची, मुलगी रुइफांग.)

रुइफांग : म्हणजे बाबांचं ते नाणं वितळवलंत? खरंच?

दुआन : अगं, तुझ्याच लग्नाच्या बांगड्या झाल्या त्याच्या. तुझ्या बापानंच नाणं हातावर ठेवलं. म्हणाला, वितळव.

रुइफांग : बाबा म्हणतात, दुआन ते वितळवणारच नाही. दुसरी चांदी घालून नाणं जपून ठेवलं असेल.

दुआन : असं म्हणतो शुशान?

रुइफांग : डोळे गेल्यापासून रोज. जा, घेऊन ये, एकदा त्या नाण्यावरच्या ड्रॅगनवरून बोट फिरवू दे म्हणतात.

दुआन : दोन वर्षं त्या नाण्याचा ठसा कोरत होता तो टांकसाळीत. चाचणीची पाच नाणी पाडली आणि बादशाहीच गेली. वरचे म्हणाले, आता ड्रॅगन नको, अध्यक्षाचं डोकं हवं. ठसा त्याच्या डोळ्यांदेखत फोडला. चार नाणी भट्टीत गेली. हे एकच त्याच्याजवळ राहिलं.

रुइफांग : आणि हे ठाऊक असून तुम्ही...

दुआन : एका गुरूच्या हाताखाली शिकलो आम्ही, पोरी. तो टांकसाळीत गेला, मी बायकांच्या केसांचे काटे घडवत बसलो. त्या दिवशी ओठांवर आलं होतं, वेड्या, ने हे घरी, चांदी माझी घालतो. पण त्यानं नाणं असं ठेवलं, जसं काही माझ्यापुढं मिरवायलाच आणलंय. मग मीही मूस चढवली. आधी ड्रॅगनच्या मिशा गेल्या. मग डोळा.

रुइफांग : बाबा कुठं होते तेव्हा?

दुआन : दारात, पाठमोरा. मी हाक मारीन म्हणून थांबला असेल. नाही मारली.

रुइफांग : काका, मलाही एक सांगायचंय. त्या बांगड्या मी पुराच्या वर्षी विकल्या. ज्वारीसाठी.

दुआन : पोरं जगली ना?

रुइफांग : दोन्ही.

दुआन : मग झालं तर.

रुइफांग : तुम्हीच कोरून द्या ना एक. बाबांना कुठं दिसतंय?

दुआन : त्याच्या बोटांना दिसतं. पहिल्या खवल्यालाच म्हणेल, हा दुआनचा हात.

रुइफांग : मग हरवलं म्हणून सांगू?

दुआन : काही सांगू नकोस. तो कोट दे इकडे. मीच येतो.

रुइफांग : तुम्ही? माझ्या लग्नानंतर आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाहीत.

दुआन : कुठल्या तोंडानं येणार? वाटायचं, मला बघून त्याला तेच आठवेल. शिव्या घालत असेल ना मला?

रुइफांग : नववर्षाच्या जेवणाला बसलो की म्हणायचे, दुआनची वाटी मांडा, येईल तो.

दुआन : मग?

रुइफांग : मांडायचो. सगळ्यांचं झालं की आई उचलून ठेवायची.