धुऱ्याकडच्या दोन ओळी

मंडळी, ऐका! माणूस पुण्य करायला निघाला, मनात खोट नाही — तरी त्याच्या हातून पाप घडतं का? नुसत्या माना हलवू नका! आधी ऐका, मग सांगा.

वऱ्हाडातलं पिंपळझरी गाव. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरायची. लोक ती जागीच पेटवायचे, अख्खं गाव खोकायचं! मग दिवाकर शिकून आला, त्यानं कारखाना टाकला. उन्हाच्या विजेवर भट्टी! पऱ्हाटी हवा न लागू देता तापवायची, वाफ थंड करून तेल काढायचं, शुद्ध करायचं — की घाला गाडीत! ट्रॅक्टर चालले, दवाखान्याची गाडी चालली. दिवाकरला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. का वाटू नये हो?

पण भट्टीची भूक मोठी. त्यानं हुकूम काढला — शेतात काडी ठेवायची नाही!

आता गावाची एक रीत होती. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, पऱ्हाटीच्या दोन ओळी मालकानं उपटायच्या नाहीत. ज्याला शेत नाही, त्याच्या चुलीच्या त्या! पार्बताबाई, गावची म्हातारी सुईण, एकटी — दिवाकरला पहिली आंघोळ तिनंच घातलेली — तिचा हिवाळा त्या ओळींवर निघायचा. ती कारखान्यात आली.

"दिवाकर, माह्या ओळी काहून नेल्या रे?"

"मावशी, गॅस आहे ना तुझ्याकडे!"

होता तर! टाकी रिकामी — वर तांब्या ठेवायला बरी! पण म्हातारीनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. टँकर भरायची घाई होती ना!

"बरं बाप्पा," म्हणाली, आणि गेली.

थंडी पडली. आठव्या दिवशी सकाळी शेजारणीनं दार ढकललं. दवाखान्याची गाडी धावली — दिवाकरच्याच तेलावर, अगदी वेगात! मागोमाग दिवाकर आला. म्हातारी गारठून मेलेली. उशाशी ताटलीत भिजवलेले कच्चे तांदूळ. चुलीत त्यानं हात घातला — राखसुद्धा नव्हती, मंडळी!

पुढच्या हंगामात त्यानं प्रत्येक शेतात ओळी सोडायला लावल्या. कुणी हात लावला नाही. उद्या पुन्हा हुकूम निघेल, असा धसका घेतला होता गरिबांनी! शेवटी तो स्वतः मोळ्या बांधून दारोदार गेला. लोकांनी मोळ्या घेतल्या. त्याच्याशी बोललं मात्र कुणी नाही.

आता सांगा! दिवाकर वाईट होता? नाही हो, तुमच्या-माझ्याहून चांगला होता! चांगली कामं करा, जरूर करा. पण ज्याच्या घरात तुम्ही कधी वाकून शिरला नाहीत, त्याच्याकडे आधी जा, बसा, विचारा. कोण कोण गेलंय? हात वर करा!

एकही नाही. माझाही नाही. मी खाली बसतो — देवाचं नाव आज तुम्हीच घ्या.