पृथ्वीच्या टोपीचं माप

...आणि वर मलाच म्हणते, "आई, तुझं लक्षच नाही!" लक्ष नाही? अहो, तुम्हाला सांगते, तीस वर्षं मशीनवर बसून ब्लाउज शिवतेय, बोलता बोलता मुंढ्याचा गोल कापते, पण कुठल्या गिऱ्हाइकाच्या कापडाकडे पाहिलं नसेल इतकं टक लावून त्या कागदाकडे पाहिलं... नाही कळलं! नकाशा सपाट, पृथ्वी गोल, आणि मधल्यामध्ये मी!

माझ्या धाकटीचं सांगतेय हो. विमान चालवायला शिकतेय. चालवते झकास, पण लेखी परीक्षेत, नकाशाच्या पेपरात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा आपटली की नाव कापणार, बसा घरी! दोन दिवस धड जेवली नाही पोर. तर तिचे ते चष्मेवाले सर, नाकात बोलतात, काय म्हणाले माहितीय? "घरात कुणाला तरी समजावून सांग, म्हणजे तुला समजेल." आता घरात कोण? हिचे बाबा? त्यांनी नकाशा उघडताना पाहिला आणि जी चप्पल घातली, ते दिवेलागणीलाच परत! उरलं कोण?

भर दुपारी दुकानात आली, माझ्या कटिंगच्या टेबलावर तो भलाथोरला नकाशा पसरला, खाली बँकेतल्या बाईंचं रेशमी कापड, त्याचंही भान नाही, आणि सुरू! "आई, समज पृथ्वी म्हणजे चेंडू. त्याच्यावर कागदाची शंकूसारखी टोपी घालायची. चेंडूवरचं सगळं टोपीवर उतरवायचं. मग टोपी उभी कापायची आणि उलगडायची. झाला नकाशा!" म्हटलं, हे कळलं बाई, घेरदार झग्याचं कापड पसरलं की असंच पंख्यासारखं दिसतं. मी खूश, ती खूश. तिथेच थांबायचं की नाही? नाही! म्हणते, "पण टोपी वर नुसती बसत नाही. ती चेंडूत थोडी घुसते."

घुसते? डोक्यात?

"हो."

अगं, मग पृथ्वीला दुखत नाही?

"आई!!"

बरं, घुसते तर घुसते. "म्हणून ती चेंडूला दोन ठिकाणी कापते. त्या दोन रेषांवर माप बरोब्बर. दोन्हींच्या मधे जरासं आवळलेलं, बाहेर जरासं ताणलेलं." आता तुम्हीच सांगा, मधे आवळ आणि बाहेर ढगळ असा ब्लाउज मी दिला, तर बाई तो माझ्या तोंडावर फेकतील की नाही? आणि हे लोक असल्या मापावर विमान उडवतात! वर म्हणते, "नकाशावर सरळ रेघ मारली की तो जवळजवळ सगळ्यात जवळचा रस्ता." जवळजवळ? मी बाह्या जवळजवळ सारख्या कापल्या तर चालेल का हो? नकाशा सपाट, पृथ्वी गोल, आणि मधल्यामध्ये मी!

तेवढ्यात बँकेतल्या बाई दारात. "झाला का माझा ब्लाउज?" आणि कापडाला हात घालणार, तर ही ओरडली, "काकू, थांबा! तिथे ध्रुव आहे!" बाईंनी ध्रुवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उद्या येते म्हणून गेल्या. त्या उद्याला आज महिना होत आला.

तीन दुपारी हेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं पिंजलेल्या कापसासारखं झालेलं. तिने नकाशावर या गावापासून त्या गावापर्यंत रेघ मारली आणि म्हणाली, "आता विमानाची दिशा काढायची. उत्तर-दक्षिण रेषेशी या रेघेचा कोन मोजायचा." म्हटलं, कुठल्या?

"कुठल्या म्हणजे?"

अगं, या उभ्या रेषा बघ ना, झग्याच्या कळ्यांच्या शिवणींसारख्या वर सगळ्या एकमेकींकडे झुकल्यात. तुझी रेघ प्रत्येकीला वेगळ्याच कोनात कापतेय. मग मोजायचं कुठल्या रेषेवर? मी आपलं न कळून विचारलं हो! आणि पोरीने पुन्हा नकाशाकडे पाहिलं. हातातली पट्टी तशीच. चेहरा उतरला, मग लाल झाला, आणि एकदम माझ्या गळ्यात! "आई, मधल्या! रस्त्याच्या मधोमध जी येते तिच्यावर! आणि मी दोन्ही वेळेला पहिलीवर मोजलं गं!" रडतेय काय, हसतेय काय. मीही रडले. कशाला, ते मला अजून माहीत नाही.

पास झाली! वर्गात पहिली! आणि दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "बाई, काय शिकवलंत तुम्ही तिला?" म्हटलं, मी? अहो, मला अक्षरही कळलं नाही! "तेच तर! इथे सगळे मान डोलवतात हो. तुमच्याइतकं मनापासून न कळणारं माणूस मिळत नाही. अजून चौघांना पाठवू का?"

नाही कसं म्हणणार? आता रोज दुपारी चार वैमानिक माझ्या दुकानात. ब्लाउज खुंटीला, नकाशा टेबलावर, नकाशा सपाट, पृथ्वी गोल...

आणि परवा काय झालं सांगू? त्यातला एक सहा फुटी मिशीवाला घाम पुसत पुसत मला समजावत होता, दोनदा नापास झालेला, सोमवारी शेवटचा पेपर... आणि अचानक माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! रेषा का झुकतात, दिशा का बदलते, सगळं! कळलं हो! तीन आठवड्यांनी कळलं! "अस्सं होय!" अगदी ओठांवर आलं... आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचं अजून निम्मं सांगून व्हायचं होतं.

काय करता? ते तसंच गिळलं, डोकं खाजवलं, आणि म्हटलं, "नाही हो कळलं... पुन्हा पहिल्यापासून सांगा."